करिझ्माला पल्सरचे शॉकअप : पार्टबदलाचे समज, गैरसमज

हिरो होंडाने २००३ साली करिझ्मा आणली, तेव्हा लांबचा पल्ला मजेत आणि वेगात कापणारी मोटरसायकल आपल्या रस्त्यांवर दुर्मीळच होती. २२३ सीसीचं एअर-कूल्ड इंजिन, सतरा पीएसच्या आसपास ताकद, अर्धं फेअरिंग आणि दिवसभर बसलं तरी पाठ कुरकुरणार नाही अशी बैठक. २००७ मध्ये बजाजची पल्सर २२० आली आणि या गटाला स्पर्धा मिळाली. यातल्या कितीतरी गाड्या आजही पळताहेत. फक्त त्या तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे आहेत, आणि प्रत्येक मालकाने तिच्यात आपल्या समजुतीप्रमाणे काहीतरी बदललेलं आहे. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याला, दिल्लीत करोल बागेत या समजुतींवरच बऱ्यापैकी गल्ला जमतो.

जुन्या गाडीवर ‘सुधारणा’ म्हणून होणारा बराचसा खर्च प्रत्यक्षात झिजलेल्या पार्टांची भरपाई असतो, फक्त चुकीच्या जागी केलेली. ब्रेक मऊ पडला की कॅलिपर उघडण्याऐवजी नवं सामान चढतं, दिवा मंद झाला की वायर तपासण्याऐवजी बल्ब बदलतो.

“सायलेन्सर मोकळा केला की पिकअप वाढतो”

सगळ्यात जास्त पैसे यात जातात, म्हणून इथे जरा थांबू. एका सिलिंडरच्या चारस्ट्रोक इंजिनात बेंड पाइपची लांबी, सायलेन्सरच्या आतली रचना, एअर बॉक्सचं आकारमान आणि कार्ब्युरेटरचे जेट ही सगळी मंडळी एकमेकांना धरून बसवलेली असतात. एक्झॉस्टमध्ये दाबाच्या लाटा पुढे-मागे धावतात. त्या योग्य क्षणी व्हॉल्व्हपाशी पोचल्या तर सिलिंडर नीट भरतं, अवेळी पोचल्या तर अर्धवट. नुसता मोकळा पाइप लावला की हवा जास्त वाहते, पेट्रोल मात्र जुन्या जेटमधून तेवढंच येतं. मिश्रण पातळ होतं. थ्रॉटल सोडल्यावर फटाके वाजायला लागतात, स्पार्क प्लग काढून पाहिला तर पांढराफटक दिसतो. एअर-कूल्ड इंजिनाला हे महागात पडतं, कारण पातळ मिश्रण म्हणजे जादा उष्णता, आणि मागे माणूस, बाजूला सामान लादून दुसऱ्या गिअरमध्ये आंबोली चढताना थंड करणारा वारा आधीच कमी असतो.

जेट बदलून, नीट ट्युनिंग करून थोडी ताकद मिळू शकते, पण ती बहुधा अगदी वरच्या आरपीएमला. टूरिंग करणारा माणूस तिथे असतो किती वेळ? करिझ्माचा टॉर्क सहा हजार आरपीएमच्या आसपास शिगेला पोचतो, आणि हायवेवर आपण त्याच्या खालीच रमलेले असतो. मोकळ्या पाइपने नेमका तोच भाग पोकळ होतो. मग लोक म्हणतात, गाडी पळते हो, पण फिरवावी फार लागते. ती पळत नसते, ओरडत असते.

एअर बॉक्स काढून लावलेल्या कोन फिल्टरचं दुखणं याच जातीचं आहे. या गाड्यांच्या कार्ब्युरेटरमधली स्लाइड हवेच्या दाबफरकावर वर-खाली होते. तिला शांत, एकसारखा प्रवाह लागतो, आणि तो एअर बॉक्स देतो. कोन फिल्टर इंजिनाजवळची तापलेली, गोंधळलेली हवा ओढतो आणि पावसात पाणीही.

“इंजेक्शनची गाडी कार्ब्युरेटरच्या गाडीपेक्षा ताकदवान”

पल्सर २२० पहिल्यांदा आली ती फ्युएल इंजेक्शनवर, वीस पीएस घेऊन. २००९ मध्ये बजाजने त्याच गाडीला कार्ब्युरेटर लावला आणि ताकद एकवीस पीएसवर गेली. इंजेक्शनचे फायदे वेगळे आहेत: थंडीत सुरू होणं, उंचीवर मिश्रण आपोआप जुळणं, धूर कमी. ताकद मात्र किती हवा आत जाते आणि इंजिन कसं बांधलंय यावर ठरते.

“मागचा टायर जितका रुंद, तितकी ग्रिप जास्त”

टायर जमिनीला किती टेकतो हे मुख्यतः त्यावरचं वजन आणि आतली हवा ठरवतात. टायर रुंद केला की टेकणाऱ्या भागाचा आकार बदलतो, क्षेत्रफळ फारसं वाढत नाही. पकड येते ती रबराच्या मिश्रणातून आणि रबराच्या वयातून. साइडवॉलवर चार आकडे कोरलेले असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असलेला पण दहा वर्षं जुना टायर पावसाळ्यात ताम्हिणीत नेणं म्हणजे साबणाच्या वड्यांवर चालणं.

आता रुंदीचा हिशोब. पल्सर २२० ला मागे १२०/८०-१७ येतो. हौशी मंडळी त्यावर १४०/७० चढवतात. पण १४०/७० ला साधारण साडेतीन ते साडेचार इंच रुंद रिम लागते, आणि १२० साठी केलेली रिम त्याहून बरीच अरुंद असते. अरुंद रिमवर टायरच्या कडा आत ओढल्या जातात आणि माथा टोकदार होतो. सरळ जाताना मधला पट्टा झिजतो आणि वळणात गाडी एकदम कलते. शिवाय टायर चेनला घासतो की नाही, हे बहुतेकांना पहिल्या मोठ्या खड्ड्यात कळतं. करिझ्माच्या १८ इंची चाकावर १००/९० ऐवजी १२०/८० टाकणारेही पुष्कळ. त्यात चाकाचा व्यास बारा मिलिमीटरने वाढतो, म्हणजे गाडीची मागची बाजू सहा मिलिमीटर उचलली जाते आणि गिअरिंग दोनेक टक्के लांबतं. हा बदल निभावून नेता येतो. पण तो होतो आहे हे माहीत असावं.

“मोठा मास्टर सिलिंडर, जोरदार ब्रेक”

हा गैरसमज सगळ्यात फसवा, कारण बदल केल्यावर हाताला तो खरा वाटतो. जुन्या गाडीचा पुढचा ब्रेक स्पंजसारखा दबतो, लिव्हर हँडलपर्यंत येतं. कुणीतरी मोठ्या गाडीचा मास्टर सिलिंडर बसवतो. लिव्हर टणक होतं. मालक खूश.

पण हायड्रॉलिक्सचं गणित उलटं चालतं. लिव्हरचा जोर मास्टर सिलिंडरच्या छोट्या पिस्टनमधून ऑइलवर पडतो. पिस्टन जितका लहान, तितका त्याच जोरात दाब जास्त. १२.७ मिलिमीटर बोअर काढून १५.९ चा लावला, तर पिस्टनचं क्षेत्रफळ दीडपटीहून अधिक वाढतं. म्हणजे पॅडवर तेवढाच दाब आणायला बोटांना दीडपटीहून जास्त जोर लावावा लागतो. लिव्हर टणक झालं, कारण आता ते कमी हलतं. ब्रेक प्रत्यक्षात कमजोर झाला. मोठा मास्टर सिलिंडर हवा असतो तो कॅलिपरचे पिस्टन मोठे किंवा जास्त असतील तेव्हाच.

मऊ लिव्हरची खरी कारणं वेगळी आणि स्वस्त आहेत. ब्रेक फ्लुइड हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ४ फ्लुइडचा उत्कलनबिंदू ताजं असताना किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, ओल शिरल्यावरच्या चाचणीत हीच अट १५५ वर येते. घाट उतरताना कॅलिपर तापला की त्यातल्या पाण्याची वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि दाब पॅडपर्यंत पोचतच नाही. दोन वर्षांत एकदा फ्लुइड बदलणं यासाठीच सांगितलेलं असतं, आणि दहा वर्षांच्या गाडीत ते एकदाही न बदललेलं सापडणं नवलाचं नाही. रबरी होज जुनी होऊन फुगते. ती बदलून स्टील ब्रेडेड होज लावली, तर फरक खरंच जाणवतो. पार्टबदलांतला हा माझा आवडता. तिसरं कारण कॅलिपरच्या पिनांचं. या गाड्यांचा कॅलिपर एका बाजूने दाबतो आणि पिनांवर सरकून दुसऱ्या बाजूचं पॅड ओढून घेतो. पिना गंजल्या किंवा ग्रीस सुकलं, की एकच पॅड काम करतं. पॅड काढून दोन्हींची जाडी मोजा. एक झिजलेलं आणि दुसरं जवळपास नवं असेल, तर नवीन काही विकत घेण्याआधी ग्रीसची ट्यूब घ्या.

“हेडलाइट मंद आहे, म्हणजे मोठ्या वॉटचा बल्ब हवा”

हॅलोजन बल्बचा प्रकाश व्होल्टेजला फार हळवा असतो. व्होल्टेज दहा टक्के घसरलं, तर प्रकाश जवळपास तीस टक्के घसरतो. जुन्या गाडीत स्विचचे कॉन्टॅक्ट काळे पडलेले, कनेक्टर हिरवे झालेले, वायरी आधीच्या मालकाने कापून जोडलेल्या. दोनेक व्होल्ट बल्बपर्यंत पोचण्याआधीच गळतात. अशा वायरिंगवर ५५ ऐवजी १०० वॉटचा बल्ब लावला, की करंट साडेचार अँपिअरवरून आठच्या पुढे जातो. वायरीतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे तिपटीहून जास्त. होल्डर वितळतो, रात्रीच्या प्रवासात अख्खी लाइन जाते. रिले आणि बॅटरीपासून थेट जाड वायर लावली, तर जुन्याच बल्बचा हरवलेला प्रकाश बराचसा परत येतो. रिफ्लेक्टरच्या दिव्यात एचआयडी किंवा चायना एलईडी खुपसण्याचा उपाय तर समोरच्यालाच भोवतो. रिफ्लेक्टर हॅलोजनच्या तारेच्या जागेवर बेतलेला असतो; प्रकाशाचा उगम जरा हलला की झोत रस्त्यावर न पडता समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत जातो. पल्सर २२० च्या प्रोजेक्टर दिव्यात झोताला निदान कापलेली कड असते. करिझ्मात ती सोयही नाही.

ऑइलबद्दल थोडक्यात. ‘सिंथेटिकने क्लच घसरतो’ हे अर्धसत्य. क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो, त्यामुळे कारसाठीचं घर्षण कमी करणारं ऑइल टाकलं तर तो घसरू शकतो. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ लिहिलेलं असेल तर ऑइल मिनरल आहे की सिंथेटिक याने क्लचला फरक पडत नाही. घसरतच असेल तर प्लेटा बघा.

“नाव एक, तर पार्ट एक”

करिझ्मा या नावाखाली एअर-कूल्ड कार्ब्युरेटरची गाडी विकली गेली (पुढे ‘आर’ या नावाने), २००९ मध्ये फ्युएल इंजेक्शनची झेडएमआर आली, आणि २०२३ मध्ये लिक्विड-कूल्ड २१० सीसीची एक्सएमआर. नाव सोडलं तर पहिल्या आणि शेवटच्या गाडीचा एकमेकींशी काही संबंध नाही. पार्ट मागताना नाव सांगून भागत नाही. साल, चेसिस नंबर आणि शक्य असेल तर जुना पार्ट हातात घेऊन जावं.

उलट, दोन वेगळ्या कंपन्यांचे पार्ट जुळूही शकतात. पल्सरचे गॅसवाले मागचे शॉकअप करिझ्माला बसवणारे बरेच. ‘बसतात’ आणि ‘चालतात’ यात फरक आहे. बुशांचं भोक जुळवून घेता येतं, खरी गोष्ट लांबीची. दोन्ही गाड्यांचा व्हीलबेस साडेतेराशे मिलिमीटरच्या आसपास आहे. मागची बाजू वीस मिलिमीटर उचलली, तर अख्खी गाडी पुढे जवळजवळ एक अंश झुकते, आणि पुढच्या फोर्कचा तिरपेपणा तेवढा कमी होतो. वळणाला गाडी चपळ होते, हायवेवर थोडी बावरते. याच बावरेपणाला मग ‘कोनसेट गेला’ म्हणून नवा कोनसेट टाकला जातो. कधी कधी तो खरंच गेलेला असतो, हा भाग वेगळा. म्हणून शॉकअप बदलण्याआधी त्याच्या दोन टोकांच्या डोळ्यांमधलं (बुशांच्या भोकांमधलं) अंतर मोजावं, आणि पुढच्या फोर्कचं ऑइल शेवटचं कधी बदललं ते आठवावं. बहुतेकांना आठवत नाही.

“आरसीवर नोंद केली की सगळं कायदेशीर”

जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात स्पष्ट केलं, की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ वैशिष्ट्यांशी विसंगत बदल करता येत नाही. रंग बदलण्यासारख्या गोष्टी नोंदवता येतात. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ मध्ये बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. आवाजासाठी कलम १९० वेगळं: दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, आणि शिवाय तीन महिने लायसन्ससाठी अपात्र. १७५ सीसीच्या वरच्या दुचाकीला कारखान्यातून बाहेर पडतानाची आवाजाची मर्यादा ८० डेसिबल आहे. ट्रॅफिक पोलिसाकडे मीटर नसला तरी सायलेन्सरमधला काढलेला बॅफल त्याला दिसतो.

२००३ च्या करिझ्माला पंधरा वर्षं कधीच उलटून गेली. तिचं रिपासिंग दर पाच वर्षांनी होतं, आणि त्यासाठी गाडी आरटीओत न्यावी लागते. इंजिन आणि चेसिस नंबर ताडून पाहतात, दिवे, हॉर्न, सायलेन्सर बघतात. काढलेला मूळ सायलेन्सर त्या दिवशी भंगारात असेल, तर नवा शोधायला नाना पेठेच्या फेऱ्या सुरू होतात, आणि तिथे दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, ‘आर का झेडएमआर?’