१०८ मीटरची वाकळ

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत जुन्या सुती लुगड्यांचे थर एकमेकांवर अंथरून, त्यांत हाताने धावदोरा घालून वाकळ शिवतात. शहरी बोलण्यात हीच गोधडी. माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी तालुक्यांत हिवाळ्यातल्या रात्री बोचऱ्या असतात, तर जावळी-महाबळेश्वरकडे पावसाळाभर ओल हटत नाही. वाकळ दोन्हीकडे लागते. पण ती मुळात बाजारात मांडायची वस्तू नव्हे. सासरी निघालेली लेक, बाळंतीण, पूर्वी मुंबईला गिरणीत आणि आता पुण्याला शिकायला निघालेला मुलगा, अशा कुणासाठी तरी ती शिवली जाते. बाळंतविड्यात कुंची-टोपड्यासोबत जाणारे दुपटे हे तिचेच धाकटे रूप.

वाकळेला कापड जुनेच लागते, आणि यामागे केवळ काटकसर नाही. नव्या कापडात खळ असते, ते धुतल्यावर आटते आणि त्याचा रंगही जातो. वर्षानुवर्षे नेसलेल्या लुगड्याचे आटायचे ते आटून गेलेले, सुटायचा तो रंग सुटलेला आणि सूत मऊ पडलेले असते. म्हणून तान्ह्या बाळाच्या अंगालाही ते टोचत नाही. नऊवारी लुगडे सुमारे सव्वाआठ मीटर लांब असते. त्यातून सहा फुटांचे चार तुकडे निघतात. म्हणजे दोन लुगड्यांत आठ थर होतात, आणि जाड वाकळ हवी असेल तर तिसरे काढतात. या थरांमध्ये अडकलेली हवा हीच तिची ऊब. नायलॉन-पॉलिस्टरच्या साड्या मात्र थरात थर धरत नाहीत, घसरतात, घामही शोषत नाहीत. तरी सुती लुगडी घरातून कमी होत गेल्यामुळे त्याही आता आत घातल्या जातात. समजदार बाई निदान अंगाला लागणारा थर तरी सुती ठेवते.

कापड धुऊन, उसवून, फाटका भाग काढून थर अंथरतात. चारी कोपऱ्यांवर दगड किंवा पाटा-वरवंटा ठेवून ताण देतात आणि लांब टाके घालून टाचून घेतात. कडेला लुगड्याचेच काठ लावतात. खरे काम त्यानंतर सुरू होते.

शिवणारी बाई जमिनीवर बसते, एक पाय लांब, एक दुमडलेला. सुई वरून थरांत शिरते. डावा हात कापडाखाली असतो; सुई सगळ्या थरांतून पार झाली की नाही, हे त्या हाताच्या तर्जनीला टोक लागल्यावरच कळते. सुई बाहेर न काढता, कापड वरखाली करत ती सुईवर चार-पाच टाके भरते आणि मग दोरा ओढते. ओढ जास्त झाली तर कापड चुण्या पडून आक्रसते. कमी पडली तर टाका सैल राहतो आणि पुढे झोपणाऱ्याच्या पायाच्या बोटात अडकतो. हे माप कुठल्या पट्टीवर नसते, हातात असते. दर काही टाक्यांनी ती तळहाताने कापडाचा झोळ आतल्या बाजूला सारते. टाके कडेकडेने चारी बाजूंनी फिरत मध्याकडे सरकतात, आणि काम आत गेले की मांडीवर कड घेऊन भागत नाही, वाकळेवरच बसावे लागते. पेटीतून काढलेल्या लुगड्यांचा डांबरगोळ्यांचा वास तोवर कापडातून उडालेला असतो. डाव्या तर्जनीचे टोक मात्र टोचून टोचून खरखरीत झालेले असते.

या मेहनतीचा हिशेब करता येतो. सहा फूट लांब, चार फूट रुंद वाकळ म्हणजे साधारण १८० बाय १२० सेंटिमीटर. टाक्यांच्या दोन ओळींत बोटभर, म्हणजे दोन सेंटिमीटर अंतर धरले, तर ओळींची एकूण लांबी १०८ मीटर भरते. टाका आणि त्यापुढची मोकळी जागा मिळून एक सेंटिमीटर धरल्यास टाके होतात १०,८००. मिनिटाला दहा टाके या गतीने नुसत्या दोऱ्याला १८ तास लागतात. शेतातून आणि चुलीपासून मोकळी झालेली बाई दुपारचे दोन तास काढू शकली, तर नऊ दुपारी. ओळी जवळ घेतल्या की हे सगळेच आकडे वाढतात.

शेजारच्या कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी स्त्रियांची कवंदी ही गोधडीही अशीच कडेकडून आत शिवली जाते. तिच्यावर रंगीत ठिगळांची मांडणी असते. बंगालच्या नक्षी कांथ्यात याच धावदोऱ्याने चित्रे उमटतात. सातारा-सांगलीच्या वाकळेत ओळी बहुधा सरळच. शिवणारीला हौस असेल तर कोपऱ्यात तिकोनी ठिगळ, मधोमध फूल किंवा बाळाचे नाव येते.

पिंजारी भरून देतो ती रजई, धनगर विणतो ते घोंगडे. दोन्ही उबदार, दोन्ही कसबाची कामे. वाकळेचे वेगळेपण तिच्या कापडात आहे. आई गेल्यावर तिच्या लुगड्यांच्या वाकळा करून लेकी-सुनांना वाटून देणारी घरे या भागात आहेत. अशा वाटणीत प्रत्येकीला सारखेच मिळते.

आता बचत गट आणि काही उद्योजक स्त्रिया वाकळा शिवून विकतात. मशीनवर शिवलेली तर काही तासांत तयार होते. मशीनचा घट्ट टाका थर दाबून टाकतो, हाताच्या टाक्यात ते मोकळे राहतात. विक्रीतून स्त्रियांच्या हाती पैसा येतो ही चांगलीच गोष्ट आहे, पण घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाने १०८ मीटर आणि ती खरखरीत तर्जनी ध्यानात ठेवली पाहिजे. जुन्या कापडाला किंमत नाही असे धरून किंमत पाडली, तर हाताचीही किंमत पडते.

भेट मिळालेली वाकळ वापरायची असते, जपून ठेवायची नव्हे. घट बसण्याआधी दसऱ्याची धुणी निघतात, तेव्हा घरातल्या सगळ्या वाकळा नदीवर किंवा कालव्यावर धुतल्या जातात. भिजलेली वाकळ पिळायला दोघे लागतात. ती उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवावी, नाहीतर आतले थर कुबट होतात. टाका तुटला की लगेच घालावा. वरचा थर विरला की त्यावर नवे लुगडे चढवून पुन्हा दोरा घालतात, आणि अगदीच झिजलेली वाकळ पुढच्या वाकळेच्या आत थर म्हणून जाते.