आधी प्रत, मग दुरुस्ती

पूर्वी घरातील महत्त्वाचा ऐवज लोखंडी कपाटात आणि लाल बांधणीच्या चोपड्यांत राहत असे. आज दुकानाचे हिशेब, प्राप्तिकराची विवरणपत्रे, लग्नकार्याची छायाचित्रे, आजोबांच्या आवाजात ध्वनिमुद्रित केलेली स्तवने, हे सारे घरच्या संगणकातील तळहाताएवढ्या हार्डडिस्कवर विसावलेले असते. डिस्क निकामी झाली तर काही हजार रुपयांत नवी मिळते. तिच्यावरील ऐवज मात्र बाजारात मिळत नाही. जीएसटी कायद्याप्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब जपून ठेवावे लागतात, हे ध्यानात घेतले तर व्यापारी कुटुंबासाठी या विषयाचे गांभीर्य अधिकच जाणवते.

हार्डडिस्क हे मुळात एक फिरते यंत्र आहे. १९५६ साली आयबीएम कंपनीने पहिली हार्डडिस्क बाजारात आणली, तेव्हा तिच्यात दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि क्षमता होती सुमारे ५० लाख अक्षरांची. आजच्या डिस्कमध्ये तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते आणि तिच्यावरून माहिती वाचणारे शीर्ष पृष्ठभागापासून केवळ काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. धक्का, उष्णता, विजेचा अनियमित पुरवठा आणि वय यांचा परिणाम अशा यंत्रावर होणारच.

बिघाडाची चाहूल अनेकदा आधी लागते. संगणक सुरू होण्यास फार वेळ लागतो, एखादी फाइल उघडताना पडदा गोठून राहतो, फाइल कॉपी होताना मध्येच त्रुटीचा संदेश येतो, कधी डिस्क अस्तित्वात नसल्याचेच संगणक सांगतो. संथपणाला अपुरी मेमरी, व्हायरस किंवा भरून गेलेली डिस्क हीदेखील कारणे असू शकतात. परंतु डिस्कमधून ठराविक अंतराने ‘टक्-टक्’ असा आवाज येऊ लागला, तर संगणक ताबडतोब बंद करावा. माहिती मोलाची असेल, तर अशा वेळी घरगुती प्रयोग न करता माहिती परत मिळवून देणाऱ्या तज्ज्ञाकडेच डिस्क सोपवावी. डिस्क उघडून पाहणे किंवा ती फ्रीजरमध्ये ठेवणे हे ऐकीव उपाय उरलीसुरली आशाही घालवतात.

आवाज नसेल आणि डिस्क वाचता येत असेल, तर पहिले काम प्रत काढण्याचे. येथेच बहुतेकांचा क्रम चुकतो. संगणक संथ झाला की विंडोजमधील चेकडिस्क ही दुरुस्तीची आज्ञा दिली जाते. तिचा सखोल प्रकार संपूर्ण डिस्क तासन्‌तास वाचत राहतो. दुबळ्या डिस्कचे उरलेले आयुष्य त्यातच खर्ची पडू शकते. म्हणून जे पुन्हा मिळणार नाही ते आधी बाहेरच्या डिस्कवर घ्यावे: प्रथम हिशेब व कागदपत्रे, मग छायाचित्रे व ध्वनिमुद्रणे. चित्रपट आणि सॉफ्टवेअर यांची चिंता शेवटी.

त्यानंतर निदान. बहुतेक प्रत्येक डिस्क ‘स्मार्ट’ नावाची स्वतःच्या प्रकृतीची नोंदवही ठेवते. क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रणालीने ती वाचता येते. निळा रंग ठीक, पिवळा सावधानतेचा, लाल धोक्याचा. त्यातील तीन नोंदी विशेष पाहाव्यात. क्रमांक ५ म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेले कप्पे, १९७ म्हणजे वाचता न आल्याने निर्णयासाठी थांबलेले कप्पे आणि १९८ म्हणजे तपासणीत दुरुस्त न होऊ शकलेले कप्पे. हे आकडे शून्यावरून वर चढू लागले की डिस्क बदलावी. केवळ १९९ क्रमांकाचा आकडा वाढत असेल तर दोष बहुधा केबलचा असतो. ती बदलून पाहावी.

नोंदवही निर्मळ असली म्हणजे डिस्क निर्धोक, असे मात्र नाही. गुगलच्या अभियंत्यांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात तपासणीतील पहिल्या त्रुटीनंतर ६० दिवसांत डिस्क निकामी होण्याची शक्यता ३९ पट आढळली. पण निकामी झालेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी प्रमुख चार निकषांत कोणताही इशारा दिला नव्हता.

बदलण्याचे काम तुलनेने सोपे आहे. बहुतेक डेस्कटॉपमध्ये साडेतीन इंची, तर जुन्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची साटा डिस्क असते. तिच्या जागी एसएसडी घेतल्यास फिरता भाग राहत नाही आणि वेगही वाढतो. मात्र एसएसडी कधी कधी कोणताही आवाज न करता एकाएकी बंद पडते. विंडोजमध्ये बिटलॉकर सुरू असल्यास त्याची पुनर्प्राप्ती-कळ आधी लिहून ठेवावी. नंतर संगणक बंद करून वायर काढावी, लॅपटॉप असल्यास बॅटरी वेगळी करावी, अंगातील स्थिर वीज निघून जावी म्हणून धातूच्या चौकटीला स्पर्श करावा आणि जुनी डिस्क काढून नवी बसवावी. जुनी डिस्क आजारी असेल तर तिची जशीच्या तशी नक्कल करण्यापेक्षा विंडोज नव्याने टाकून जपलेल्या फाइली परत आणणे श्रेयस्कर. जुनी डिस्क भंगारात देऊ नये. तिच्यावर घरची सारी आर्थिक माहिती असते. ती पुसून वा मोडून नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे द्यावी.

प्रतींचे महत्त्व जैन समाजाला नव्याने सांगण्याची गरज नाही. जैसलमेर आणि पाटणचे ज्ञानभांडार पिढ्यान्‌पिढ्या लिहिल्या गेलेल्या प्रतींनीच समृद्ध झाले. षट्खंडागमावरील धवला टीका दीर्घकाळ मूडबिद्रीच्या ताडपत्रांतच जपलेली होती. तिच्या प्रती बाहेर आल्या, म्हणूनच १९३९ साली डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली अमरावतीहून तिचा पहिला खंड छापला जाऊ शकला.

कार्तिक शुद्ध ज्ञानपंचमीला किंवा ज्येष्ठ शुद्ध श्रुतपंचमीला ग्रंथ बाहेर काढून स्वच्छ केले जातात, त्यांची पूजा होते. त्याच दिवशी घरच्या संगणकाकडेही अर्धा तास पाहावे. ऐवजाच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत घराबाहेर, मुलीच्या घरी अथवा बँकेच्या लॉकरमध्ये, ठेवावी. बाहेरची डिस्क काम झाल्यावर संगणकापासून सोडवून ठेवावी, म्हणजे वीज आणि व्हायरस यांचा तडाखा दोन्हींना एकदम बसणार नाही. शेवटी जपलेल्या प्रतीतील चार-दोन फाइली प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात. न तपासलेल्या प्रतीवर विसंबणे म्हणजे ताळेबंद न जुळवता वर्ष बंद करण्यासारखेच होय.