दिव्यांच्या पुढे धावणारी गाडी

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही तिघे आंबोलीहून आजऱ्याकडे निघालो होतो. रात्रीचे आठ वाजून गेले होते. घाटातली वळणे मागे पडली होती, रस्ता मोकळा होता आणि गाडीचा काटा ६० वर होता. कोणालाही हा वेग फार वाटणार नाही, आम्हालाही वाटला नाही. समोर रस्त्यावर दोन लालसर ठिपके चमकले. ‘रातवा!’ असे एकजण म्हणाला, ब्रेक दाबला गेला आणि तरीही पुढच्या बाजूला एक मऊसा आवाज झालाच. उतरून बॅटरीच्या उजेडात पाहिले, तर वाळक्या पानांच्या रंगाचा तो पक्षी रस्त्याच्या कडेला पडला होता. पंख अजून ऊबदार होते.

गाडीत तिघेही निसर्गाची आवड असणारे, त्यातले दोघे विज्ञानाचे शिक्षक. ‘आपण ब्रेक तर दाबला होता, मग?’ हा प्रश्न आमच्या डोक्यातून जाईना. घरी आल्यावर कागद-पेन्सिल घेऊन बसलो. नववीच्या पुस्तकातली गतीची समीकरणे त्याला पुरेशी होती.

गाडी थांबण्याचे दोन भाग असतात. काहीतरी दिसले, ते काय आहे हे कळले आणि पाय ब्रेकवर गेला, एवढ्याला अनपेक्षित प्रसंगी साधारण दीड सेकंद लागतो. या काळात गाडी पूर्ण वेगाने पुढे जातच असते. ब्रेक लागल्यानंतरही ती काही अंतर घसटत जाते. कोरड्या चांगल्या रस्त्यावर वेग दर सेकंदाला सेकंदास ६ मीटरने कमी होतो असे धरू. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर. दीड सेकंदात १७ मीटर आणि ब्रेकनंतर १० मीटर, म्हणजे एकूण २७. ताशी ६० ला हेच अंतर २५ अधिक २३, म्हणजे ४८ मीटर होते. ताशी ८० ला ३३ अधिक ४१, म्हणजे ७४. वेग दुप्पट झाला की ब्रेकनंतरचे अंतर चौपट होते, कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि ती सगळी ब्रेकलाच जिरवावी लागते.

आता दिव्यांचे पाहा. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर प्रकाश जाऊ नये म्हणून आपण दिवे खाली करतो. तेव्हा समोरचे नीट दिसते ते ४० ते ५० मीटरपर्यंत. म्हणजे ताशी ६० ला आपण कसेबसे त्या उजेडाच्या कडेवर थांबू शकतो. रस्ता ओला असेल तर तेही नाही. तेव्हा थांबायला ६० मीटरच्या आसपास लागतात. आमचा रस्ता ओला होता. रातवा दिसला त्याच क्षणी प्रश्न संपला होता. ब्रेक दाबणे हे केवळ मनाचे समाधान होते.

आणखी एक गणित मुलांना जरूर घालावे. दोन गाड्या शेजारी-शेजारी आहेत, एक ६० ने आणि दुसरी ८० ने. दोन्ही चालकांना एकाच क्षणी समोर भेकर दिसते. पहिली गाडी ४८ मीटरवर थांबते. त्या ठिकाणी दुसरीचा वेग किती असेल? बहुतेक मुले ‘२०’ म्हणतात. करून पाहा: उत्तर येते ताशी सुमारे ६४.

पण हा झाला चालकाचा हिशेब. प्राण्याचा हिशेब काय असतो?

रातवा रात्रीचा शिकारी. उडते किडे टिपायचे तर वर मोकळे आकाश हवे, म्हणून तो वाटेवर बसतो. पुष्कळ निशाचर प्राण्यांच्या दृष्टिपटलामागे परावर्तक थर असतो आणि त्यामुळे त्यांचे डोळे चमकतात. थोड्या उजेडात पाहण्यासाठी तयार झालेल्या या डोळ्यांवर एकदम गाडीचा झोत पडला, की दिपून जाण्यापलीकडे काही उरत नाही. शिवाय धोका आला तर हलायचे नाही, रंग आपल्याला लपवील, हा त्याचा पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव. मुंगसासमोर तो उपयोगी पडतो. टायरसमोर नाही. साप संध्याकाळी तापलेल्या डांबरावर ऊब घ्यायला येतात, तर बेडकांना आणि खेकड्यांना पहिल्या पावसात रस्ता ओलांडावाच लागतो, कारण पाणी पलीकडे असते.

२०१३ साली प्रसिद्ध झालेला फ्रान्समधला एक अभ्यास आम्हाला फार विचार करायला लावणारा वाटला. रस्त्यावरचे पक्षी येणाऱ्या गाडीपासून किती अंतरावर उडतात, हे दोन संशोधकांनी मोजले. वेगमर्यादा जास्त असलेल्या रस्त्यांवर पक्षी लांबूनच उडत आणि कमी असलेल्यांवर गाडी जवळ आल्यावर. गंमत अशी, की संशोधकांची गाडी प्रत्यक्षात किती वेगाने येत होती याने काही फरक पडत नव्हता. पक्ष्यांना त्या रस्त्याचा नेहमीचा वेग ठाऊक होता आणि ते त्यावर विसंबून होते. आंबोलीचा रातवाही असेच वागतो, असे यावरून म्हणता येणार नाही. पण गाडीचा वेग दर वेळी नव्याने मोजणे पक्ष्याला अवघड जाते एवढे दिसते. मर्यादा मोडणारा एकटा चालक त्याच्या हिशेबात नसतो.

उपाय बांधकामाचेही आहेत. पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर महाराष्ट्रात प्राण्यांसाठी नऊ ठिकाणी रस्ता उचलून खालून वाट ठेवली आहे. त्यातली सर्वांत लांब वाट सुमारे ७५० मीटरची आहे आणि वाघही या वाटा वापरतात. बंदीपूरच्या जंगलात २००९ पासून रात्री वाहतूक बंद असते. पण प्रत्येक रस्त्यावर हे होणार नाही. आंबोलीच्या सड्यावर एक छोटा भेक राहतो, त्याचे शास्त्रीय वर्णनच मुळी २००९ साली झाले. तो अतिसंकटग्रस्त गणला जातो. दोन बोटांत मावेल एवढ्या या जिवासाठी पूल कोण बांधणार? त्याच्यापुढे आपल्या हातात, किंबहुना पायात, एकच गोष्ट आहे.

वर्गासाठी सांगायचे तर मैदानावर फक्कीने २७, ४८ आणि ७४ मीटरच्या रेघा मारा. फळ्यावरच्या आकड्यांपेक्षा त्या चालत जाऊन पाहण्याचा परिणाम वेगळा होतो. दुसरे म्हणजे पट्टीचा खेळ. एकाने पट्टी उभी धरून न सांगता सोडायची, दुसऱ्याने ती बोटांत पकडायची. २० से.मी. घसरली तर प्रतिक्रियेला ०.२ सेकंद लागला. मग मुले विचारतात, तुम्ही दीड का धरलात? चांगला प्रश्न आहे. खेळात पट्टी पडणार हे ठाऊक असते. रस्त्यावर काय येणार, केव्हा येणार, हेच ठाऊक नसते. आता त्याच मुलांना पाढे म्हणता म्हणता पट्टी पकडायला सांगा. (मोबाइलवर बोलणाऱ्या चालकाबद्दल मग वेगळे सांगावे लागत नाही.)

राहिला वेळेचा प्रश्न. दहा किलोमीटरच्या जंगलपट्ट्यात ६० ऐवजी ४० ने गेलो तर पाच मिनिटे जास्त लागतात.

पंधरा दिवसांनी आम्ही त्याच रस्त्याने परतलो, ३५ च्या पुढे न जाता, काचा खाली करून. मागच्या खेपेला इंजिनाखेरीज काही ऐकल्याचे आम्हाला आठवत नव्हते. या वेळी दोन्ही बाजूंनी बेडकांचा नुसता गजर चालला होता. एक खेकडा नांग्या उगारून गाडीच्या अंगावर आला. त्याला वाट देऊन आम्ही पुढे निघालो. मग ते दोन लाल ठिपके पुन्हा दिसले. गाडी थांबवली, दिवे बंद केले. थोड्या वेळाने दिवे लावले तर रातवा उडाला आणि वीस-पंचवीस मीटर पुढे जाऊन परत रस्त्यावरच बसला. असे चार वेळा झाले. पाचव्या वेळी तो झाडीत शिरला आणि मग आम्ही गाडी सुरू केली.