नाण्यावरचे अंडे

२००८ साली अमेरिकेने पांढऱ्या डोक्याच्या गरुडाची स्मारक-नाणी काढली. त्यांतील अर्ध्या डॉलरच्या दर्शनी बाजूस झेपावणारा पक्षी नाही. घरट्यात दोन पिल्ले आणि एक अंडे आहे. मज वैद्याची नजर त्या अंड्यावरच खिळते. ज्या डीडीटीमुळे पॉल म्युलर यांना १९४८चे वैद्यकाचे नोबेल मिळाले, हिवतापासाठी आपल्याकडेही जे घरोघरी फवारले गेले, तेच माशांवाटे गरुडाच्या देहात साचून कवच इतके पातळ करी, की उबवणाऱ्या पक्ष्याच्याच भाराने अंडे फुटे. १९७२मध्ये तिथे बंदी आली. २००७मध्ये हा गरुड संकटग्रस्तांच्या यादीतून सुटला. आपण नित्य लिहून देतो त्या डायक्लोफिनॅकने, गुरांच्या मृतदेहांवाटे, आपली गिधाडे संपविली. गुरांसाठी त्यावर २००६मध्ये बंदी आली. आकाश अजून रिकामेच आहे.