दुसरी सर्व्हिस आणि २५ सेकंद

चौदा वर्षांखालील मुलींचा सामना. सर्व्हिस करणारी ५-४ ने पुढे, पण या गेममध्ये ३०-४० ने मागे. पहिली सर्व्हिस नेटमध्ये अडकते. जाळीबाहेरून बाबा तळवा खाली दाबत 'शांत, शांत' अशी खूण करतात. मुलगी चेंडूला नेहमीपेक्षा चार टप्पे जास्त देते, टॉस डोक्यामागे जातो. डबल फॉल्ट! घरी जाताना गाडीत निदान पक्कं झालेलं असतं: 'खेळ चांगला आहे, पण मनाने कच्ची.'

ज्युनिअर टेनिसमध्ये अशी निदानं चुटकीसरशी होतात. त्यामागचे काही समज तपासून पाहायला हवेत.

गैरसमज : डोकं थंड असणं उपजत असतं.
वस्तुस्थिती : रॉजर फेडररकडे आज संयमाचा नमुना म्हणून पाहिलं जातं. किशोरवयात मात्र तो रॅकेट फेकायचा, हरला की रडायचा. बील इथल्या स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रात त्याच्या भिरकावलेल्या रॅकेटने नवाकोरा पडदा फाटला आणि शिक्षा म्हणून त्याला साफसफाई करावी लागली.

गैरसमज : मोठे खेळाडू मोक्याचा पॉइंट सोडत नाहीत.
वस्तुस्थिती : २०२४ मध्ये डार्टमथ कॉलेजमधल्या भाषणात फेडररनेच हिशेब मांडला. एकेरीचे १,५२६ सामने, त्यातले जवळपास ८० टक्के जिंकलेले. पॉइंट मात्र जेमतेम ५४ टक्के. म्हणजे अव्वल खेळाडूही जवळपास निम्मे पॉइंट गमावतो. म्हणून पॉइंट गेल्यानंतर काय करायचं, हे शिकवणं प्रशिक्षकाचं मोठं काम.

नियमाने दोन पॉइंटांच्या मध्ये २५ सेकंद मिळतात. अमेरिकन क्रीडा-मानसशास्त्रज्ञ जिम लोहर यांनी या वेळेचे चार टप्पे पाडले: आधी ताठ मान आणि सावरलेली देहबोली, मग सैल हात आणि सावकाश श्वास, मग पुढच्या पॉइंटचा बेत, शेवटी ठरलेली सवय. चेंडूचे टप्पे तीन तर तीनच. गेलेलं मागे टाकून सावरता येतं, याचं एक उदाहरण: हांगझू आशियाई स्पर्धेच्या मिश्र दुहेरीत पुण्याची ऋतुजा भोसले आणि रोहन बोपण्णा यांनी पहिला सेट २-६ असा गमावला होता. पुढचा सेट ६-३ आणि निर्णायक टायब्रेक १०-४ असा जिंकून त्यांनी सुवर्ण मिळवलं.

गैरसमज : घाबरलेल्याला 'शांत हो' म्हणावं.
वस्तुस्थिती : हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग गाणं, भाषण आणि गणितावरचे होते, टेनिसवरचे नव्हेत. त्यात स्वतःला 'शांत हो' म्हणणाऱ्यांपेक्षा 'मला उत्साह वाटतोय' म्हणणाऱ्यांची कामगिरी सरस ठरली. धडधडणारं काळीज हुकमाने थांबत नाही. त्या धडधडीला दुसरं नाव देता येतं.

गैरसमज : दडपणात दुसरी सर्व्हिस हळूच ढकलावी.
वस्तुस्थिती : चेंडूला कोर्टात खाली उतरवते ती फिरकी, आणि फिरकी येते रॅकेटच्या वेगातून. हात आखडला की फिरकी कमी होते. मग चेंडू नेटमध्ये तरी जातो, नाहीतर रेषेबाहेर तरी. उपाय म्हणजे हात पूर्ण फिरवणं आणि चेंडू नेटच्या बऱ्याच वरून काढणं.

टोपलीभर चेंडू मारून हे पुरेसं अंगवळणी पडत नाही. त्यापेक्षा सरावातला गेमच ३०-४० वरून सुरू करायचा आणि सर्व्हिस एकच द्यायची. हरणाऱ्याने चेंडू गोळा करायचे. एवढ्यानेही मनगट आखडतं, आणि त्या आखडलेल्या मनगटाने खेळायची सवय होते.

गैरसमज : एकदा कच खाल्ली की कपाळावर शिक्का बसला.
वस्तुस्थिती : १९९३ च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात याना नोवोत्ना स्टेफी ग्राफविरुद्ध तिसऱ्या सेटमध्ये ४-१, ४०-३० अशी पुढे होती. तिथे डबल फॉल्ट झाला आणि पुढचे सलग पाच गेम गेले. बक्षीस समारंभात ती ब्रिटिश राजघराण्यातल्या डचेस ऑफ केंटच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. १९९७ ची अंतिम लढतही ती हरली. १९९८ मध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी, नताली तोझियाला हरवून ती अखेर विजेती ठरली. चांदीचं ताट ज्यांनी तिच्या हाती दिलं, त्या डचेस ऑफ केंटच होत्या.