पाण्यात सोडलेल्या विजेचं चुंबकीय क्षेत्र संगणकावर कसं काढतात?

नोव्हेंबर १९३९. इंग्लंडमधल्या शूबरीनेसच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या चिखलात एक जर्मन सुरुंग सापडला आणि ब्रिटिश नौदलाच्या जॉन ओव्हरी यांनी तो जिवावर उदार होऊन उघडला. जहाजाच्या लोखंडामुळे चुंबकीय क्षेत्र बदललं, की तो फुटत असे. यावर उतारा निघाला तो असा: जहाजामागे तरंगत्या केबल ओढायच्या, त्यांच्या टोकांना इलेक्ट्रोड लावायचे आणि विजेचे झटके सोडायचे. वीज खाऱ्या पाण्यातून परत येते, तळाशी चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि सुरुंग जहाजाविनाच फुटतो. पण हे क्षेत्र तळापर्यंत पुरेसं पोचतं का, हे आधी कळायला हवं. चूक झाली तर किंमत खलाशांनी मोजायची.

आज हा हिशेब संगणक करतो. पाण्याचे बारीक तुकडे पाडायचे, प्रत्येकाची विद्युतवाहकता सांगायची (समुद्राचं पाणी साधारण ४ सीमेन्स प्रति मीटर, नळाचं त्याच्या शंभराव्या भागाच्या आसपास), मग कुठे किती वीज वाहते ते काढायचं आणि त्यावरून चुंबकीय क्षेत्र. इलेक्ट्रोडच्या कडांजवळ वीज दाटते, म्हणून तिथे तुकडे जास्त बारीक हवेत. एल्मरसारखं मोफत सॉफ्टवेअर यासाठी पुरतं.

नवशिक्यांचा पाय घसरतो तो वेगळ्याच जागी. इलेक्ट्रोड आणि पाणी चितारलं जातं, पण केबल राहून जाते. अथांग, सर्वत्र सारख्या पाण्यात एका बिंदूतून वीज सोडली, तर ती सगळ्या दिशांना सारखीच पसरते आणि तिच्या प्रवाहांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना पुरती खोडून काढतात. बाकी शून्य! दोन इलेक्ट्रोड असले तरी तेच. म्हणजे अशा पाण्यात दिसणारं सगळं क्षेत्र केबलचं असतं. पाण्याचा वाटा दिसू लागतो तो पृष्ठभाग, तळ किंवा टाकीची भिंत ही समानता मोडते तेव्हा. केबल वगळून आलेलं उत्तर कितीही देखणं दिसलं, तरी ते कुचकामी.

दुसरा प्रश्न वारंवारतेचा. प्रत्यावर्ती प्रवाहाचं क्षेत्र वाहक पाण्यात शिरताना क्षीण होत जातं. ५० हर्ट्झला समुद्रात सुमारे ३६ मीटरवर ते जवळपास एक तृतीयांश उरतं. १ हर्ट्झला तेच अंतर अडीचशे मीटर होतं. खोल पोचायचं तर प्रवाह सावकाश बदलायला हवा. प्रयोगशाळेतल्या मीटरभर टाकीत मात्र हा परिणाम नगण्य, तिथे स्थिर प्रवाहाचं सोपं गणित चालतं.

व्होल्टेजऐवजी प्रत्यक्ष मोजलेला प्रवाह द्यावा, हेही महत्त्वाचं. धातू आणि पाणी यांच्या सीमेवर वेगळाच अडथळा असतो, तो ताळेबंद बिघडवतो.

उत्तराची पडताळणी सोपी आहे. १ अँपिअर वाहणाऱ्या लांब सरळ तारेपासून १० सेंटिमीटरवर २ मायक्रोटेस्ला यायलाच हवेत; भारतात पृथ्वीचं क्षेत्र ४० ते ५० च्या घरात असतं. हा आकडा जुळला नाही, तर पाण्याकडे वळूच नये. आणि टाकीत प्रत्यक्ष प्रयोग करायचा झाला, तर घरातल्या प्लगची वीज थेट पाण्यात कधीही सोडू नये. कमी व्होल्टेजचा, मुख्य लाइनपासून विलग असलेला ट्रान्सफॉर्मर वापरावा, आणि तो चालू असेपर्यंत पाण्यात हात घालू नये.