सिंहाच्या जमिनीचं भाडं

मसाई मारा म्हटलं की डोळ्यांसमोर येते मारा नदी, तिच्यात उड्या घेणारे विल्डबीस्टचे कळप आणि एका सिंहाभोवती दाटलेल्या गाड्या. हे चित्र राखीव क्षेत्रातलं. तिथला कारभार नारोक काउंटीकडे आहे. त्याच्या ईशान्येचं नाबोईशो मात्र मसाई पशुपालकांचं. सुमारे 50 हजार एकरांच्या या माळरानाचे मालक आहेत जवळपास 500.

पूर्वी हा सगळा भाग कोयाकी नावाचं सामाईक कुरण होता. पुढे भावकीत होते तशी त्याची वाटणी झाली. वाटणीनंतर कुंपणं येतात, जमिनी विकल्या जातात आणि जनावरांच्या वाटा तुटतात. केनियातले सुमारे दोन तृतीयांश वन्यप्राणी सरकारी उद्यानांबाहेर राहत असल्याने हा धोका मोठा होता. म्हणून 2010 मध्ये या मालकांनी आपापले तुकडे पुन्हा एकत्र केले आणि सफारी कंपन्यांना भाडेपट्ट्याने दिले. पर्यटक येवोत न येवोत, एकरी ठरलेलं भाडं मालकाला मिळायचं, असा करार झाला. बदल्यात मालकांनी कुंपण घालायचं नाही, आत वस्ती करायची नाही आणि गुरं ठरवून दिलेल्या भागातच आळीपाळीने चारायची. अशा क्षेत्रांना 2013 च्या वन्यजीव कायद्याने मान्यताही दिली.

पाहुण्याला फरक लगेच जाणवतो. दर 350 एकरांमागे एकच तंबू, आत प्रवेश फक्त मुक्कामाला असलेल्यांना, त्यामुळे सिंहापाशी गाड्यांची रांग लागत नाही. राखीव क्षेत्रात मनाई असलेली रात्रीची सफारी इथे करता येते. दिवसा न दिसणारे निशाचर तेव्हा भेटतात. वाटाड्याबरोबर पायी फिरता येतं. लहानपणी गुरांमागे हिंडलेला वाटाड्या वाळलेल्या शेणावरून आणि मोडलेल्या गवतावरून रात्रीची हकिकत सांगतो. इथल्या तरुण-तरुणींना हे काम शिकवणारी कोयाकी वाटाड्या प्रशाला याच क्षेत्रात आहे.

ही व्यवस्था निर्दोष नाही. जमीन बहुतेक पुरुषांच्या नावावर, त्यामुळे भाडंही त्यांच्याच हाती पडतं. दुष्काळात बाहेरची गुरं उपाशी असताना राखलेलं गवत नजरेसमोर ठेवणं सोपं नसतं. 2020 मध्ये विमानं थांबली, तेव्हा माराभोवतीच्या अशा क्षेत्रांत भाड्याला कात्री लागली आणि सगळा डोलारा पर्यटकांच्या पैशावर उभा आहे, हे उघड झालं. तरीही ज्याच्या गाई सिंह मारू शकतो, त्यालाच सिंह जगण्याचा पैसा मिळावा, याहून न्याय्य तोडगा माराच्या आसपास अजून कोणी काढलेला नाही.

जुलै-ऑगस्टात मुंबई-पुण्याहून मारा गाठणाऱ्यांनी म्हणूनच पैसे भरण्यापूर्वी कंपनीला दोन प्रश्न विचारावेत: आमचा तंबू कोणाच्या जमिनीवर आहे आणि त्या मालकाला भाडं किती मिळतं? उत्तर देता येत नसेल, तर दुसरी कंपनी पाहावी.